वाचकांचे प्रश्न : कॅम्परवर सोलर लावायचंय? आधी लोड मोजा

मागच्या अंकात छोट्या कॅम्पर ट्रेलरबद्दल लिहिलं आणि त्यानंतर जे प्रश्न आले त्यातले निम्म्याहून जास्त सोलर, बॅटरी आणि वायरिंगचे निघाले. काही प्रश्न एकसारखे होते ते एकत्र केलेत, काही लांबलचक होते ते कापलेत, राग मानू नका.

प्रश्न (कोथरूड) : आम्ही दोघं नवरा-बायको, भोसरीतल्या एका फॅब्रिकेटरकडून दहा फुटी ट्रेलर करून घेतलाय. आतमध्ये ४५ लिटरचा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज, एक पंखा, एलईडी लाइट, दोन मोबाइल आणि माझा लॅपटॉप, एवढंच. पावना, मुळशी, कधी दापोली असं दोन-तीन रात्री जातो. दुकानदार म्हणतो ४०० वॅटचं पॅनल आणि २०० एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती साठतं ते) ट्यूब्युलर बॅटरी टाका, डोळे झाकून चालेल. बरोबर आहे का?

उत्तर : डोळे झाकून काहीच चालत नाही हो, आणि दुकानदाराने तुम्हाला फ्रिज किती खातो हे विचारलं का? नसेल विचारलं तर तो आकडा त्याने त्याच्या गोडाऊनमध्ये काय पडलंय ते बघून सांगितलाय.

कागद-पेन घ्या. असा फ्रिज चालू असताना ४५ ते ६० वॅट घेतो पण सतत चालत नाही, चालू-बंद होत राहतो, एप्रिलच्या उन्हात जवळजवळ निम्मा वेळ चालतो असं धरा, म्हणजे दिवसरात्र मिळून साधारण ५५० वॅट-अवर. पंखा २० वॅटचा, आठ तास, १६०. लाइट ५०. मोबाइल ४०. लॅपटॉप दोन तास चार्जिंग, १२०. झाले ९२०. म्हणजे घरच्या लाइटबिलातलं एक युनिटसुद्धा नाही! एवढ्यासाठी ट्यूब्युलर कशाला?

आता बॅटरी. ट्यूब्युलर ही घरच्या इन्व्हर्टरखाली एका जागी बसण्यासाठी केलेली वस्तू आहे. तिच्यात पातळ ॲसिड असतं, चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, वजन ५० किलोच्या पुढे, आणि टिकवायची असेल तर निम्म्याच्या खाली उतरवायची नाही. हे सगळं तुम्ही झोपता त्या बंद डब्यात, ताम्हिणी घाटाच्या वळणांवर. माझं स्पष्ट मत, नको. १२.८ व्होल्ट १०० एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट घ्या, जिला दुकानात एलएफपी म्हणतात. ती १२८० वॅट-अवरची असते, त्यातले हजारभर बिनधास्त वापरता येतात, आणि वजन १२ किलोच्या आसपास. महाग आहे, मान्य, पण सारखी बदलायची भानगड नाही. आत बीएमएस (बॅटरी जास्त भरली किंवा उतरली की तोडणारं सर्किट) आहे ना हे मात्र विचारून घ्या, आणि ट्रेलर महिनोन्महिने उभा राहणार असेल तर फुल्ल चार्ज करून ठेवू नका, अर्ध्याच्या आसपास ठेवा आणि मेन स्विच काढून ठेवा.

पॅनलचा हिशोब असा की पुण्याकडे पावसाळा सोडला तर दिवसाला साधारण पाच तासांचं पूर्ण ऊन मिळतं असं धरतात. पण पॅनलवर लिहिलेले वॅट हे पॅनलचं तापमान २५ अंश असतानाचे, आणि आपल्याकडे पत्र्याच्या टपावर दुपारी पॅनल ६५ अंशाला सहज जातं, दर अंशाला ०.४ टक्क्याच्या आसपास पॉवर कमी होते म्हणजे १५-१६ टक्के तिथेच गेले. त्यात धूळ, वायर, कंट्रोलर (पॅनल आणि बॅटरीच्या मध्ये बसून चार्जिंग सांभाळणारा डबा). सगळं मिळून ७० टक्के हाती लागतं असं समजा. ९२० भागिले पाच, भागिले ०.७, म्हणजे २६० वॅट. १६५ वॅटची दोन पॅनल लावा, ३३० होतात, तुमच्या टपावर व्हेंटची जागा सोडून आरामात बसतात. पॅनलच्या खाली दोन-तीन इंच हवा खेळू द्या. ती चिकटवायची फ्लेक्सिबल पॅनल दिसायला छान असतात पण थेट पत्र्यावर चिकटल्यामुळे जास्त तापतात आणि लवकर बाद होतात.

टपावर सपाट लावली तर चालतील का असंही तुम्ही विचारलंय. चालतील. मे महिन्याच्या मध्याला पुण्यात शून्य सावली दिवस असतो, सूर्य बरोबर डोक्यावर, तेव्हा सपाटच उत्तम. डिसेंबरात दुपारी बारालासुद्धा सूर्य ४८ अंशांवरच असतो, तेव्हा सपाट पॅनलला पाव हिस्सा कमी मिळतो, पण थंडीत फ्रिजही कमी चालतो त्यामुळे हिशोब जुळतो. खरी भीती सावलीची. पॅनलमधले सेल एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे रांगेत एक जण अडला की मागचे सगळे अडतात, वडाची एक फांदी आडवी आली तरी अर्धं पॅनल झोपतं. म्हणून ट्रेलर उन्हात लावा आणि तुम्ही खुर्ची घेऊन वडाखाली बसा.

प्रश्न (निगडी) : बॅटरी बऱ्यापैकी भरलेली दाखवते, १३.२ व्होल्ट, तरी फ्रिज चालू होतो आणि लगेच एरर देऊन बंद पडतो. फ्रिज बदलून बघितला, तेच. वायरमन म्हणतो बॅटरी खराब. फ्रिज मागे आहे आणि बॅटरी पुढे, मध्ये सहा मीटर वायर आहे, एक स्क्वेअर एमएमची.

उत्तर : बॅटरीला हात लावू नका, उत्तर तुमच्या शेवटच्या वाक्यात आहे. घरात २३० व्होल्टला एकची वायर लाइटसाठी ठीक असते म्हणून वायरमन तीच इथे टाकतात, पण १२ व्होल्टला त्याच वॅटसाठी जवळजवळ वीसपट करंट लागतो. सहा मीटर जायला, सहा मीटर यायला, १२ मीटर. एकच्या तांब्याच्या वायरचा रेझिस्टन्स किलोमीटरला १८ ओहम, म्हणजे तुमचा ०.२२. फ्रिजने ५ अँपिअर घेतले की १.१ व्होल्ट वायरमध्येच गेले, आणि कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर कितीतरी जास्त घेतो तेव्हा फ्रिजला वाटतं की बॅटरी संपली आणि तो स्वतःला वाचवायला बंद होतो. बिचारा त्याचं काम बरोबर करतोय.

फ्यूज बॉक्सपासून फ्रिजपर्यंत चारची स्वतंत्र लाइन टाका, मग ही गळती ०.३ व्होल्टवर येते. शक्य असेल तर सहाची टाका, वायर कधी जास्त जाड झाली म्हणून कोणाचं बिघडलेलं मी ऐकलं नाही. मल्टीस्ट्रँड तांब्याचीच घ्या, तपकीर गल्लीत हवी ती मिळेल पण ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त वायरही तिथेच मिळते, टोक खरवडून बघा. आणि तो सिगारेट लायटरचा सॉकेट काढून टाका, ट्रेलर हादरला की तो ढिला होतो, त्याऐवजी अँडरसन प्लग (जास्त करंटचा, घट्ट बसणारा डीसी प्लग) लावा. फ्रिजवर बॅटरी प्रोटेक्शनचं हाय-मीडियम-लो असं सेटिंग असतं, म्हणजे बॅटरी किती उतरल्यावर बंद व्हायचं ते, लिथियमला लो वर ठेवलंत तरी चालतं कारण बीएमएस आहेच. पण फक्त सेटिंग बदलून वायर तीच ठेवायची, असा जुगाड करू नका.

याच पत्राच्या निमित्ताने फ्यूजचं सांगतो, कारण आलेल्या फोटोंपैकी बऱ्याच ठिकाणी बॅटरीजवळ फ्यूजच नाहीये. पॉझिटिव्ह टर्मिनलपासून एका वीतेच्या आत मेन फ्यूज पाहिजे. फ्यूज उपकरण वाचवायला नसतो, वायर वाचवायला असतो, म्हणून तो वायरीच्या ताकदीप्रमाणे निवडायचा. १०० एएचची लिथियम शॉर्ट झाली तर शेकडो अँपिअर सोडते, वायर लाल होते, आणि आजूबाजूला काय आहे, तर प्लायवूड आणि फोमची गादी. आणि घरचा एसी एमसीबी डीसीला लावू नका, एसीमध्ये करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझते, डीसीमध्ये तो शून्यावर येतच नाही. डीसी लिहिलेलाच एमसीबी घ्या.

प्रश्न (हडपसर) : सोसायटीच्या टेरेसवर सोलर बसवलं त्यातलं ५४० वॅटचं एक पॅनल उरलंय, फुकटात मिळतंय. माझ्याकडे ३० अँपिअरचा साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर आहे. दोन्ही जोडून टाकू का?

उत्तर : फुकटाचं पॅनल पुणेकराने सोडावं असं मी म्हणणार नाही, पण कंट्रोलर बदलावा लागेल. हे पॅनल साधारण ४१ व्होल्ट आणि १३ अँपिअरवर चालतं, उघडं असताना ५० व्होल्टच्या आसपास जातं. पीडब्ल्यूएम पॅनलला खेचून बॅटरीच्या व्होल्टेजवर आणतो, म्हणजे १३ गुणिले १३, १७० वॅटच मिळाले, बाकीचे वाया. शिवाय बरेच साधे कंट्रोलर ५० व्होल्ट सहन करत नाहीत, जोडल्याजोडल्या धूर. एमपीपीटी कंट्रोलर घ्या, जो जास्तीच्या व्होल्टेजचा करंट करून देतो, १०० व्होल्ट आणि ४० अँपिअरचा. जोडताना आधी बॅटरी कंट्रोलरला जोडायची आणि मग पॅनल, आणि तोपर्यंत पॅनलवर जाड चादर टाकून ठेवा, उजेडात पॅनलला बंद करायचं बटण नसतं.

मला काळजी वेगळीच आहे. सव्वादोन मीटर बाय १.१३, वजन २५ किलोच्या वर, ही काच टेरेसवर स्थिर बसण्यासाठी आहे. ताम्हिणीच्या खड्ड्यांत चार कोपऱ्यांवर धरलेली एवढी मोठी काच मधून लवलव करते. लांब बाजूने पूर्ण लांबीची रेल टाकून किमान सहा ठिकाणी धरा, नाहीतर हे पॅनल घरी गॅलरीत ठेवा आणि ट्रेलरला दोन छोटी घ्या.

प्रश्न (बाणेर) : पावसाळ्यातच फिरायला मजा येते आणि तेव्हाच सोलर चालत नाही. गाडीवरून चार्ज करता येईल ना? ट्रेलरच्या सात पिनच्या सॉकेटमध्ये एक पिन मोकळी आहे.

उत्तर : येईल, आणि पावसाळ्यात तोच मुख्य आधार आहे, पण त्या मोकळ्या पिनच्या बारीक वायरीतून नाही. तुमची गाडी बीएस-सिक्स असेल तर तिचा अल्टरनेटर (इंजिनवर फिरून गाडीची बॅटरी भरणारा) बहुधा स्मार्ट असणार, डिझेल-पेट्रोल वाचवायला तो मध्येच व्होल्टेज खाली आणतो आणि लिथियमला फुल्ल व्हायला १४ च्या वर लागतं. उलट थेट जोडलं तर रिकामी लिथियम इतका करंट ओढते की अल्टरनेटर तापून जातो. दोन्हीवर इलाज एकच, डीसी-टू-डीसी चार्जर, जो गाडीकडून ठरावीकच करंट घेतो आणि बॅटरीला हवं ते व्होल्टेज देतो, २० अँपिअरचा पुरतो. गाडीच्या बॅटरीपासून मागपर्यंत दहाची किंवा सोळाची वायर, दोन्ही टोकांना फ्यूज, हुकजवळ अँडरसन प्लग. निगेटिव्ह गाडीच्या चेसिसला द्या, थेट बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलला नको, तिथे बऱ्याच गाड्यांना बॅटरी सेन्सर असतो आणि तो गोंधळतो. पुण्याहून दापोलीला पाच तास धरले तर २० अँपिअरने १०० एएच होतात, पोचेपर्यंत बॅटरी भरलेली.

प्रश्न (सिंहगड रोड) : वडिलांना रात्री सीपॅप मशीन (झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून हवा देणारं) लागतं. त्यांना घेऊन जायची इच्छा आहे, इन्व्हर्टर केवढा घ्यावा?

उत्तर : ताई, शक्यतो इन्व्हर्टर घेऊच नका. मशीनच्या कंपनीचाच १२ व्होल्टचा डीसी कन्व्हर्टर मिळतो, तो घ्या, बॅटरीचं डीसी इन्व्हर्टरमध्ये एसी करून परत ॲडाप्टरमध्ये डीसी करण्यात फुकटची वीज जाते आणि इन्व्हर्टर नुसता चालू असला तरी १०-२० वॅट खातो. हीटेड ह्युमिडिफायर बंद असेल तर मशीन साधारण ३० वॅटच्या आसपास घेतं, आठ तासांचे २४०, चालू असेल तर दुपटीच्याही वर जाऊ शकतं. पण ह्युमिडिफायर बंद ठेवायचा का हे काकांच्या डॉक्टरांना विचारून ठरवा, माझ्या सांगण्यावरून नाही. आधी एक रात्र घरच्या पार्किंगमध्ये ट्रेलरच्या बॅटरीवर चालवून बघा आणि सकाळी किती उरली ते लिहून ठेवा.

प्रश्न (तळेगाव) : मित्राच्या फार्महाउसवर एक्स्टेंशन टाकून ट्रेलरला लाइट घेतो. पावसात दाराच्या हँडलला हात लावला की झिणझिण्या येतात. सोलर लावलं की हे बंद होईल का?

उत्तर : सोलरचा आणि याचा काही संबंध नाही, आणि हे पत्र वाचताच तो प्लग काढा. आत कुठेतरी लीकेज आहे, आणि ट्रेलरची बॉडी लोखंडी आणि चाकं रबराची, त्यामुळे ते थेट जमिनीत न जाता तुमच्या अंगातून जातंय. तीन वायरीची एक्स्टेंशन, फार्महाउसला खरोखर चालू असलेलं अर्थिंग (बोर्डाला तीन भोकं आहेत म्हणजे अर्थिंग आहे असं नाही), ट्रेलरची बॉडी त्या अर्थला पक्की जोडलेली, आणि ट्रेलरमध्ये आत येतानाच ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (लीकेज झालं की लाइन तोडणारा स्विच). तिचं टेस्टचं बटण दर वेळी दाबायचं. इन्व्हर्टर असेल तर बाहेरची लाइन आणि इन्व्हर्टर यांच्यामध्ये चेंजओव्हर स्विच पाहिजेच, दोन्ही एकाच बोर्डावर भिडले तर इन्व्हर्टर गेलाच. हे काम लायसनवाल्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, यूट्यूब बघून नको.

आता उरलेले पटकन.

इंडक्शन चालेल का? २००० वॅट म्हणजे १२ व्होल्टला १७० अँपिअर. गॅसची छोटी शेगडी घ्या.

टपाला भोकं पाडली तर गळेल का? बाथरूमचं सिलिकॉन लावलंत तर नक्की गळेल. पॉलियुरेथेन सीलंट वापरा, स्क्रूच्या खाली पण आणि वरून पण, आणि केबल आत घेताना खालच्या तोंडाची ग्लँड (केबलभोवती घट्ट बसणारी बूच) लावा. कोकणात नेत असाल तर खाऱ्या हवेसाठी टिन केलेले लग (वायरीच्या टोकाला दाबायचे) घ्या.

पीएम सूर्यघरची ७८ हजारांची सबसिडी ट्रेलरला मिळेल का? हा प्रश्न तिघांनी विचारलाय! नाही मिळणार. ती घराच्या छतावरच्या, ग्रिडला जोडलेल्या सोलरसाठी आहे, आणि तो पूर्ण आकडा ३ किलोवॅट आणि त्यावरच्यांना.

आरटीओला सांगावं लागतं का? ट्रेलरची नोंदणी गाडीपेक्षा वेगळी असते आणि आरसीवर त्याचं एकूण वजन लिहिलेलं असतं. पॅनल, रेल, बॅटरी, वायर मिळून ४०-५० किलो सहज वाढतात, त्यात पाण्याची टाकी आणि तुमचं सामान धरा. भरलेला ट्रेलर एकदा वजनकाट्यावर नेऊन आरसीवरच्या आकड्याशी ताडून बघा, आणि बॉडीच्या मापात किंवा रचनेत बदल होत असेल तर काम सुरू करायच्या आधी आरटीओत विचारा, नंतर नाही.