काचा खाली की वर?

प्रश्न : पुढच्या महिन्यात कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर माझी स्विफ्ट घेऊन पहिल्यांदाच ट्रॅक-डेला (आपली गाडी रेसच्या ट्रॅकवर चालवायचा दिवस) जातोय. आयोजकांनी पुढच्या दोन्ही काचा पूर्ण खाली ठेवायला सांगितलंय. त्यानं वेग कमी होणार नाही का? – एक वाचक, पुणे

उत्तर : होईल, पण किंचित. हवा आत शिरते, गाडीला अडवते. तरी २.१ किलोमीटरच्या त्या ट्रॅकवर तुमचा लॅप टाइम (एका फेरीला लागणारा वेळ) ठरेल तो ब्रेक कुठे दाबता यावर.

मी मार्शल म्हणून, म्हणजे सुरक्षेवर लक्ष ठेवायला, ट्रॅकच्या कडेला उभा राहिलोय. एकदा एक गाडी घसरून टायरच्या भिंतीवर आदळली. दार अडकलं, बॅटरी गेली, त्यामुळे पॉवर विंडोचं बटण निकामी. पण काच आधीच खाली होती. मी खांद्यापर्यंत हात आत घालून त्या पोराचा बेल्ट सोडवला. काच वर असती तर? आधी ती फोडावी लागली असती, आणि ते चुरमुऱ्याएवढे तुकडे त्याच्याच मांडीवर पडले असते.

शिवाय मागच्या गाडीला वाट देताना हात बाहेर काढूनच खूण करतात. टायर किंचाळायला लागले की तेही नीट ऐकू येतं.

एसी बंद ठेवा, पाणी भरपूर प्या. आणि हात काम झालं की लगेच आत!