आधी पाय पुढे कर

प्रिय बाळा,

प्रभूच्या नावात सलाम.

रविवारी उपासना संपल्यावर तू जिन्यापाशी थांबलीस आणि एका दमात सगळं बोललीस. संडे स्कूल, क्वायर, तरुणसंघ, आजाऱ्यांच्या भेटी, सगळं चालू आहे. पण मुलांना ‘देव तुमच्यावर प्रीती करतो’ असं शिकवताना ते वाक्य आपल्यासाठी नाहीच, असं तुला आतून वाटतं. क्वायरमधली ती मुलगी तुझ्याबद्दल नको ते बोलली, तेव्हापासून तिच्याकडे बघून तुला हसताही येत नाही. मग हे सगळं ढोंगच ना, सोडून देऊ का, असं तू विचारलंस. मी तुझ्या खांद्यावर हात ठेवला, ‘प्रार्थना करते’ म्हणाले आणि निघून आले. ते काही उत्तर नव्हतं. दोन रात्री ते टोचत राहिलं, म्हणून लिहायला बसले.

धीर धर, देव विश्वासू आहे, हे मी तुला सांगणार नाही. ते तू मुलांना माझ्यापेक्षा छान सांगतेस. मला एकच गोष्ट ठाऊक आहे, आणि तीही मी फार उशिरा शिकले.

योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय उघड. तू तो वर्गात घेतला आहेस. मुलांकडून कागदाची पावलं कापून घेऊन भिंतीवर लावली होतीस. प्रभू येशूने शिष्यांचे पाय धुतले, तसे आपण एकमेकांचे धुवावेत, असं तू शिकवलंस. बरोबरच आहे, पण ते चौदाव्या वचनात येतं. त्याआधी सहाव्या वचनापासून त्याचा शिष्य पेत्र अडून बसला आहे. तो म्हणतो, माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत. आपण तेवढा भाग भरभर वाचतो, कारण पुढचा कामाचा वाटतो. प्रभू मात्र पुढे जात नाही. मी तुला धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही, असं तो स्पष्ट सांगतो. इतकं कडक बोलणं, आणि कुणाशी? ज्याला सेवा करायची मनापासून हौस आहे, त्याच्याशी.

मग पेत्र दुसऱ्या टोकाला जातो. पायच काय, हात आणि डोकंसुद्धा धुवा. मला हे कळायला पुष्कळ वर्षं लागली: ‘नको’ म्हणताना आणि ‘आणखी द्या’ म्हणताना, दोन्ही वेळा किती घ्यायचं ते पेत्रालाच ठरवायचं आहे. नुसता पाय पुढे करून गप्प बसणं त्याला जमत नाही.

तुलाही जमत नाही. मलाही जमलं नाही. म्हणून हे पत्र.

बावीस वर्षांपूर्वी माझं ऑपरेशन झालं आणि मी सहा आठवडे अंथरुणावर होते. आमच्या चर्चच्या मंडळीत एक विधवा बाई होत्या. त्यांच्या वाईट दिवसांत मी त्यांना बरीच मदत केली होती. मुलीची फी, दवाखाना, कागदपत्रं. मी आजारी पडले तेव्हा त्यांनी निरोप पाठवला, येऊन तुमचे केस धुऊन देते, थोडा वेळ बसते. मी कळवलं, काही गरज नाही, माझं मी बघते. तरी त्या दोनदा दारापर्यंत आल्या. दोन्ही वेळा मी झोपले आहे असं सांगायला लावलं. मी जागी होते. बाहेर त्यांच्या चपला काढण्याचा आवाज मी ऐकला, आणि परत घालण्याचाही.

मला तेव्हा काय वाटत होतं सांगू? आपण किती निःस्वार्थ आहोत, कुणाला त्रास देत नाही. नंतर त्या दुसऱ्या गावी मुलीकडे राहायला गेल्या आणि काही वर्षांनी वारल्या. दफनविधीनंतर मुलगी माझा हात धरून म्हणाली, ‘आई म्हणायची, बाईंना माझ्याकडून काहीच नको असतं, त्यांना देण्याजोगं माझ्याजवळ काही नाहीच.’ ती तक्रार करत नव्हती. आईची आठवण सांगत होती, तेवढंच. मी घरी येऊन माझी भेटींची वही काढली. कोणाकडे कधी गेले, किती वेळ बसले, पुढे बरोबरच्या खुणा. त्या बाईंच्या नावापुढे एकोणीस खुणा होत्या. एकोणीस वेळा मी प्रीतीबद्दल बोलायला गेले होते, आणि प्रीती माझ्या दारात आली तेव्हा झोपेचं सोंग घेतलं होतं.

ज्याला माणसाच्या हातून पाय धुऊन घेता येत नाहीत, त्याला देवाच्या हातूनही घेता येत नाहीत. हे माझं ठाम मत आहे. कुणी कितीही वचनं काढून दाखवली तरी मी ते सोडणार नाही. योहान त्याच्या पहिल्या पत्रात क्रम सांगतो: पहिल्याने त्याने आपल्यावर प्रीती केली, म्हणून आपण करतो. त्यातला ‘पहिल्याने’ हा शब्द आपण गिळून टाकतो.

आता तू म्हणशील, पण मला ती प्रीती जाणवतच नाही, मग घेऊ काय? इथे मला तुझा थोडा राग येतो, बाळा. जाणवण्याची अट कुणी घातली? एलीया संदेष्ट्याची गोष्ट आठव, पहिल्या राजांच्या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय. तो झुडपाखाली बसून मरण मागत होता. देवदूताने त्याला उठवून भाकर आणि पाणी दिलं. त्याने खाल्लं, प्यायलं आणि परत झोपला. आभार मानले, मन भरून आलं, असं काहीही तिथे लिहिलेलं नाही. दूत दुसऱ्यांदा आला, पुन्हा खा म्हणाला, तुला लांब जायचं आहे. त्या खाण्याच्या बळावर तो चाळीस दिवस आणि चाळीस रात्री होरेब डोंगरापर्यंत चालला. त्याने जे समोर आलं ते खाल्लं, एवढंच. घेणं म्हणजे हेच. रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात पौल लिहितो की आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला. ते होऊन गेलेलं आहे. तुझ्या मनाची स्थिती रविवारी सकाळी कशी होती, यावर ते अवलंबून नाही.

प्रभुभोजनाचे शब्द आठव. त्या रात्री प्रभूने भाकर मोडून शिष्यांच्या हाती दिली तेव्हा त्याचा पहिला शब्द ‘घ्या’ हा होता. मेजापाशी तू ओंजळ पुढे करतेस तेव्हा तुझ्या हातात वही नसते, फोन नसतो, क्वायरची फाइल नसते. तसे रिकामे हात एरवीही करून बघ. रोज सकाळी अर्धा तास. काही मागू नकोस, कुणासाठी मध्यस्थीही करू नकोस. एखादं शुभवर्तमानातलं वचन वाच आणि बसून राहा. कंटाळा येईल, मला तर वर्षभर यायचा. कंटाळलीस तरी उठू नकोस. पाय पुढे कर आणि बस.

आणि कुणी काही द्यायला आलं तर ‘नको, नको’ म्हणू नकोस. गेल्या महिन्यात तू तापाने फणफणलेली होतीस आणि तुझ्या वर्गातल्या मुलाची आई वर्ग घेते म्हणाली, तर तू तिला पाठवून दिलंस. मी पाहिलं. मला माझं ते दार आठवलं.

प्रभूने स्वतः किती घेतलं ते बघ. बाप्तिस्म्याच्या वेळी ‘तू माझा प्रिय पुत्र आहेस, तुझ्याविषयी मी संतुष्ट आहे’ ही वाणी झाली, तोवर त्याने एकाही आजाऱ्याला बरं केलेलं नव्हतं, एकही प्रवचन दिलेलं नव्हतं. काम त्यानंतर सुरू झालं. पुढे विहिरीवर त्याने शोमरोनी बाईकडे पाणी मागितलं. लूक सांगतो की काही स्त्रिया आपल्या पैशांनी त्याची आणि शिष्यांची सेवा करत होत्या. बेथानीत मरीयेने तीनशे दिनारांचं सुगंधी तेल त्याच्या पायांवर ओतलं तेव्हा इतरांनी हिशेब मांडला. त्याने मात्र तिला ओतू दिलं. ते भोजन वल्हांडण सणाच्या सहा दिवस आधीचं, असं योहान सांगतो. पुढच्याच अध्यायात प्रभू कमरेला रुमाल बांधून शिष्यांच्या पायांपाशी बसला आहे. आधी स्वतःच्या पायांवर तेल ओतू दिलं, मग त्यांचे धुतले. हा क्रम मी तुला किती वेळा सांगू?

आता त्या मुलीबद्दल. तिच्यावर प्रीती करायचा प्रयत्न तू दात-ओठ खाऊन करते आहेस, आणि तो तुझ्या चेहऱ्यावर दिसतो. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातल्या दृष्टांतातला तो दास आठव. त्याचं देणं दहा हजार तालांत होतं. एक तालांत म्हणजे साधारण सहा हजार दिनार आणि एक दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. सहा कोटी दिवसांची मजुरी झाली. एक दिवसही सुट्टी न घेता फेडायचं तर दीड लाखाहून जास्त वर्षं. तरी तो राजाला काय म्हणतो? मला वेळ द्या, मी सगळं फेडीन! राजाने कर्ज सोडून दिलं. आणि तो बाहेर पडून शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो.

लहानपणापासून आपल्याला शिकवलं की तो दुष्ट होता. असेल. पण मला वाटतं, त्याने माफी घेतलीच नव्हती. राजाने सोडलं, याने मात्र मनात फेडायचं पक्कं धरलं होतं. ज्याला फेडायचं आहे तो वसुलीला निघणारच. तूही देवाचं फेडते आहेस, बाळा: क्वायर करून, वर्ग घेऊन, रात्री उशिरापर्यंत तक्ते रंगवून. म्हणून त्या मुलीचे शंभर दिनार तुला विसरता येत नाहीत. आणि शंभर दिनार थोडे नव्हेत, तीन महिन्यांहून जास्त दिवसांची मजुरी होते ती. तिने तुला खरंच दुखावलं आहे. ते लहान आहे असं मी म्हणणार नाही. पण आधी तुझं सोडलेलं कर्ज सुटलं असं मान. मग तिच्याशी बोल. आधी बोलायला गेलीस तर गळाच धरशील, हसत हसत धरशील. प्रभूला धरून देणाऱ्या यहूदाचे पायही पेत्राबरोबर त्याच रात्री, त्याच पाण्याने धुतले गेले. पण ते प्रभूला जमलं, कारण आपण देवाकडून आलो आणि देवाकडे जातो हे त्याला ठाऊक होतं. योहानाने हे मुद्दाम आधी लिहून ठेवलं आहे, तेराव्या अध्यायाच्या तिसऱ्या वचनात.

तुला माझ्याबद्दलही ऐकू आलं असेल. नऊ वर्षांपूर्वी मी मंडळीची समिती सोडली. बाई थंडावल्या, बाईंना आता स्वतःचंच पडलंय, असं म्हणणारे अजून आहेत. एका सभेत तर मला तोंडावर आळशी म्हटलं गेलं. मी पळाले नाही. तीन जबाबदाऱ्या सोडल्या आणि एक धरून ठेवली, संडे स्कूल. ज्या घरी मी पूर्वी घाईने दहा मिनिटं जायचे तिथे आता तासभर बसते, आणि त्यांनी पुढे केलेलं पाणी पिते, त्यांनी माझ्यासाठी केलेली प्रार्थना डोळे मिटून ऐकते. वहीत खुणा नाहीत. वहीच नाही. माझ्या भेटी कमी झाल्या हे खरं आहे आणि त्याबद्दल मला कुणाची क्षमा मागायची नाही. कदाचित मी हे तुझ्यापेक्षा त्यांच्यासाठीच लिहिते आहे. असो, लिहिलं ते राहू दे.

बाराव्या शतकात बर्नार्ड नावाचे एक मठाधिपती आपल्या बंधूंना सांगत, कालवा होऊ नका, हौद व्हा. कालवा आलेलं पाणी लगेच पुढे सोडतो. हौद आधी भरतो, आणि भरून वाहिलेलं देतो, स्वतः कोरडा पडत नाही. त्यांच्याही वेळी मंडळीत कालवेच फार झाले होते, अशी त्यांची खंत होती.

म्हणून सोडून दे असं मी म्हणत नाही, आणि आहे तसंच चालू दे असंही म्हणत नाही. तरुणसंघाचं सचिवपद सोड. भेटींची यादी पाळकसाहेबांच्या हाती दे; ते रागावले तर माझं नाव सांग. वर्ग मात्र सोडू नकोस. तिबिर्या सरोवराच्या काठावर पेत्राला ‘माझी मेंढरं चार’ हे काम मिळालं, पण त्याआधी प्रभूने विस्तव पेटवून मासे भाजून ठेवले होते आणि म्हणाला होता, या, न्याहारी करा. ज्याने प्रभूला तीनदा नाकारलं त्याला आधी खाऊ घातलं. ‘माझ्यावर प्रीती करतोस का?’ हे तीन प्रश्न त्यानंतर आले.

येत्या चार रविवारी तुझा वर्ग मी घेणार आहे. मुलांना मी सांगेन. तू मागच्या ओळीत त्यांच्याबरोबर बस, पाठ ऐक, त्यांनी काढलेलं चित्र दिलं तर घे. तक्ते आणू नकोस, मदतीला उठू नकोस. त्यातल्या एका रविवारी मी तेरावा अध्याय घेणार आहे, घमेलं आणि टॉवेल घेऊन. मुलांना पाय धुवायला आवडतं, पाणी उडवतात. ते तुझ्यापाशी येतील तेव्हा सँडल काढून ठेव.

तुझी,
मावशी