अजिंठ्याच्या डोंगरात हरणे पाहू इच्छिणाऱ्यास

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. अजिंठ्याच्या डोंगररांगेत रानातली हरणे पाहायची आहेत, हाताशी दोन दिवस आहेत आणि तेवढ्यात अजिंठ्याची लेणी, गौताळा अभयारण्य व पितळखोऱ्याची लेणी हे तिन्ही उरकता येईल का, असे तू विचारले आहेस. उरकता येईल. पण मग तुला दिसतील त्या गाडीच्या आवाजाने बुजून झुडपांत शिरणाऱ्या पाठमोऱ्या आकृती, आणि त्यांचे फोटो. हरीण पाहणे म्हणजे ते आपल्या कामात असताना पाहणे, असे मी मानतो. ते चरत असावे, रवंथ करीत असावे, दुसऱ्या नराला हुसकावीत असावे आणि तुझ्या तिथे असण्याने त्याच्या दिवसात काहीही फरक पडलेला नसावा. म्हणून या दोन दिवसांपैकी एक पूर्ण दिवस गौताळ्यातल्या एकाच उताराला दे, दुसरा अजिंठ्याच्या लेण्यांना दे आणि पितळखोरे पुढच्या खेपेला ठेव.

आधी या डोंगराची ठेवण समजून घे, कारण प्राणी कुठे सापडेल हे ती ठेवणच सांगते. ही रांग गोदावरीचे आणि तापीचे पाणी वेगळे करते. खानदेशाकडची तिची बाजू कड्यांची आणि खोल दऱ्यांची आहे, तर आपल्या मराठवाड्याकडची बाजू पठारासारखी हळूहळू उतरत शेतांना येऊन मिळते. कुरंगांना, म्हणजे तू ज्या हरणांच्या शोधात आहेस त्यांना, कडा नको असतो. धावायला मोकळी जागा, दडायला झुडपे आणि जवळपास चारा एवढे त्यांना पुरते. त्यामुळे जिथे सलई-धावड्याचे रान विरळ होऊन बरड माळ सुरू होतो आणि माळ संपून तुरीची किंवा हरभऱ्याची शेते लागतात, त्या पट्ट्यात त्यांचा वावर अधिक असतो. सुमारे २६० चौरस किलोमीटरचे गौताळा औट्रमघाट अभयारण्य १९८६ साली जाहीर झाले आणि त्याचा काही भाग पलीकडे चाळीसगाव तालुक्यात येतो. तू मात्र कन्नडच्या बाजूनेच आत शिर.

काय पाहायचे आहे हेही नेमके ठरलेले असू दे. आपल्याकडे चार प्रकारचे कुरंग आहेत: काळवीट, चिंकारा, नीलगाय आणि चौशिंगा. भेकर यांत येत नाही. त्याची शिंगे दर वर्षी गळतात आणि पुन्हा येतात, तर कुरंगाचे शिंग हाडाच्या गाभ्यावर चढलेले पोकळ आवरण असते, ते जन्मभर टिकते आणि त्याला फाटे फुटत नाहीत. काळवीट हा खरे तर सपाट माळाचा प्राणी आहे, त्याच्यासाठी डोंगर चढण्याची गरज नाही. चौशिंगा एकटा राहणारा, लाजाळू आणि पाण्याला धरून असणारा आहे. नराच्या कपाळावरची पुढची दोन शिंगे इतकी आखूड असतात की कित्येकदा ती नुसत्या गाठींसारखी दिसतात. त्याची आशा धरून जाऊ नकोस. तुझा वेळ सार्थकी लावतील ते दोघे, म्हणजे रोही आणि चिंकारा. (नीलगाय हे नाव शहरात ठेव. गावात रोही म्हणालास तर चार गोष्टी जास्त कळतील.)

बसायची जागा कशी निवडावी, हा तुझ्या पत्रातला सर्वांत चांगला प्रश्न आहे. पाणवठा शोधावा असे बहुतेक जण सांगतात. चैत्र-वैशाखात ते ठीकही आहे. पण चिंकाऱ्याला पाण्याची फारशी निकड नसते, पाला आणि दव यांतून मिळणाऱ्या ओलाव्यावर तो बराच काळ काढतो, त्यामुळे पाणवठ्यावर दिवसभर बसूनही तो येईलच असे नाही. त्यापेक्षा लेंड्यांचे ढीग शोध. रोही पुन्हा पुन्हा ठरावीक जागीच लेंड्या टाकतात आणि अशा जागी वर्षानुवर्षे थर साचत जातो. ढीग सापडला की वाकून पाहा. वरच्या लेंड्या काळपट, ओलसर आणि चमकदार असतील तर कळप कालपरवा येऊन गेलेला आहे. सगळ्याच पांढुरक्या, भेगाळलेल्या आणि बोटाने चुरणाऱ्या असतील तर ती जागा सोडून दे. ताज्या ढिगाकडे येणारी पायवाट ओळख, तिच्यापासून चांगले अंतर राखून एखादे झाड किंवा खडक पाठीशी घे आणि उजाडण्यापूर्वी तिथे जाऊन बसण्याची परवानगी मिळते का, ते आदल्या दिवशी नाक्यावर विचारून ठेव. मिळत नसेल तर फाटक उघडताच आत जा.

आता वाऱ्याविषयी, कारण डोंगरात तो माळासारखा सरळ वागत नाही. रात्रभर थंड झालेली हवा पहाटे उतारावरून खाली दरीकडे सरकत असते आणि ऊन तापले की तीच हवा उताराने वर चढू लागते. म्हणजे पहाटे तू कळपाच्या खालच्या अंगाला असायला हवास आणि दिवस वर आल्यावर वरच्या अंगाला. ही पालट होते तेव्हा मध्ये थोडा वेळ वारा कोणत्याच दिशेचा नसतो आणि नेमक्या त्याच वेळी लोक दगा खातात. चिमूटभर फुफाटा बोटांतून सोडून पाहा. झाडाची पाने हलत नसतानाही धूळ कुठे जाते ते दिसेल. अंगाला सुवासिक काही लावू नकोस. कपडे कोणत्याही मळकट रंगाचे चालतील. लाल आणि नारिंगी हे रंग हरणांना आपल्यासारखे दिसत नाहीत, परंतु उन्हात चकाकणारा पांढरा सदरा आणि हलणारा हात त्यांना फार लांबून कळतो. दुर्बीण ८×४२ ची, म्हणजे आठपट मोठे दाखवणारी घे. दहापट मोठे दाखवणारी दुर्बीण मोहात पाडते, पण हात स्थिर नसेल तर तिच्यातला थरथराट डोळे थकवतो, आणि तुला तर एकाच प्राण्याकडे बराच वेळ पाहायचे आहे.

कळप दिसल्यावर उठून जवळ जाण्याची घाई करू नकोस. हरणाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे मागचा थोडा भाग सोडला तर त्याला जवळजवळ सगळीकडचे दिसते. लपण्यापेक्षा निरुपद्रवी दिसणे हाच तिथे उपाय असतो. हलावेच लागले तर तिरके चाल, रोखून पाहू नकोस आणि त्याने मान खाली घातलेली असतानाच पाऊल उचल.

आणि मग काय पाहायचे? सकाळचे चरणे आटोपल्यावर रोही सावलीला बसतात, तिथून सुरुवात कर. रवंथ करणाऱ्या मादीच्या गळ्यावर दुर्बीण धर. जबडा आडवा हलत असतो. मग तो क्षणभर थांबतो, चावलेला घास खाली उतरतो आणि थोड्याच वेळात गळ्याच्या कातडीखालून दुसरा गोळा वर चढताना स्पष्ट दिसतो. आपल्या गोठ्यातल्या गाईचे हेच तू लहानपणापासून पाहिले असशील, पण रानात या हालचालीला एक वेगळी किंमत आहे. तोंड अर्ध्या घासावर थांबले, गोळा वर आला नाही आणि दोन्ही कान एकाच दिशेला वळले, तर तिला कशाची तरी चाहूल लागलेली आहे. ती चाहूल बहुधा तुझी असते. तेव्हा आहेस तसा थांब. दुर्बीणही खाली घेऊ नकोस. रवंथ पुन्हा सुरू झाला तर तिने तुला पचवले असे समज. चिंकाऱ्याची खूण निराळी आहे. तो एरवीही स्वस्थ नसतो, त्याची काळी शेपटी सतत फडफडत असते. पण शेपटी थांबवून त्याने पुढचा पाय आपटला आणि नाकातून शिंकेसारखा आवाज काढला, तर पुढच्या क्षणी तो तिथे नसेल. नर आणि मादी ओळखताना नुसत्या शिंगांवर विसंबू नकोस, चिंकाऱ्याच्या मादीलाही बारीक शिंगे असतात. रोहीत मात्र फरक लांबूनच कळतो: पूर्ण वाढलेला नर निळसर राखाडी आणि मादी पिंगट, पायांत दोघांच्याही पांढरी कडी.

वहीत ‘रोही दिसले’ असे लिहिण्यात काही अर्थ नाही. किती वाजता, कोणत्या झाडाखाली, कोण कोणाच्या मागे उठले, कोणी कोणाला जागा दिली, वारा कुठून होता, हे लिही. तपशील असला तर पुढच्या वर्षी तीच वही तुला जागा दाखवील.

दुसऱ्या दिवशी अजिंठ्याला जा, फक्त तो सोमवार नाही याची खात्री कर. लेणी त्या दिवशी बंद असतात. आदल्या दिवशी जिवंत जनावर पाहून झाल्यावर लेण्यांत जाण्याचा क्रम मी मुद्दाम सुचवतो आहे. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात एका खांबाच्या माथ्यावर चार हरणे कोरलेली आहेत आणि चौघांना मिळून डोके एकच आहे. लोक ‘चार हरणे, एक डोके’ एवढे ऐकतात, हसतात आणि पुढे सरकतात. तू समोर उभा राहा, हात डोळ्यांपुढे धरून तीन धडे झाक आणि राहिलेल्या एका धडावर ते डोके कसे बसते ते पाहा. मग दुसरे धड उघड, पहिले झाक. प्रत्येक वेळी ते हरीण पूर्ण आणि खरे वाटते. निव्वळ चातुर्याने हे साधत नाही. हरणाची मान कुठवर वळते आणि वळल्यावर खांद्याचा उंचवटा कुठे जातो, हे ज्याने तासन्‌तास पाहिले आहे त्यालाच हा खेळ खेळता येतो. सतराव्या लेण्यात शरभ जातकाची, म्हणजे बुद्धाच्या एका पूर्वजन्माची, कथा रंगवलेली आहे: शिकारीच्या मागे धावताना राजा खड्ड्यात पडतो आणि ज्याच्या मागे तो लागला होता तेच हरीण त्याला वर काढते. वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातले, पाचव्या शतकातले हे काम आहे. तिथे उजेड मंद असतो आणि फ्लॅश वापरायला बंदी आहे, ती पाळ. डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांब; रंग हळूहळू वर येतात.

पितळखोऱ्याविषयी थोडे, पुढच्या खेपेसाठी. ती लेणी अजिंठ्याच्या सुरुवातीच्या लेण्यांइतकीच जुनी, सातवाहनकाळातली आहेत आणि गौताळ्याच्याच रानात एका घळीत उतरून पाहावी लागतात. तिथल्या एका खांबावर पैठणच्या मितदेव नावाच्या गंध्याच्या दानाचा लेख आहे. अत्तराचा धंदा करणाऱ्याने दिलेल्या त्या खांबापाशी जाताना तू मात्र अत्तर लावू नयेस, कारण अशा कड्यांवर आग्या मोहोळ लागलेली असतात. उग्र वास, धूर आणि आरडाओरडा यांनी ती उठतात. या डोंगरात अस्वले आणि बिबटेही आहेत. कोणत्याही कपारीत किंवा अनोळखी गुहेत डोकावू नकोस, आणि बोरी-सीताफळीच्या दाट जाळीतून एकट्याने वाट काढू नकोस.

शेतकऱ्यांशी बोलल्याशिवाय परतू नकोस, ही माझी अट समज. रोही तुझ्यासाठी प्रेक्षणीय आहे, पण ज्याच्या हरभऱ्यात रात्री कळप शिरतो त्याच्यासाठी ती थंडीतली जागल आहे, माळ्यावर बसून डबा वाजवणे आहे, आणि सकाळी तुडवलेल्या ओळी मोजणे आहे. नुकसानभरपाईची तरतूद आहे, पण त्यासाठी वनविभागाकडे अर्ज आणि पंचनामा यांच्या मागे फिरावे लागते. ‘बिचारी मुकी जनावरे’ अशी सुरुवात त्याच्या बांधावर उभे राहून करू नकोस. कळप कधी येतो, कुठून येतो, कोणत्या पिकाला आधी तोंड लावतो, हे विचार. हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. त्याच बोलण्यात कठडे नसलेल्या विहिरींचा विषय काढ. शरभ जातकात हरणाने राजाला खड्ड्यातून काढले, आपल्या शिवारात कुत्र्यांनी पिटाळलेली हरणे विहिरीत पडतात आणि त्यांना दोर लावून माणसांनाच काढावे लागते. तसे काही दिसले तर आपण विहिरीत न उतरता वनविभागाला कळवावे. गवतात एकटे बसलेले पाडस दिसले तर मात्र कोणाला बोलावू नकोस आणि हातही लावू नकोस; आई त्याला लपवून चरायला गेलेली असते, ती परत येते.

येण्याचा काळ म्हणशील तर माघ-फाल्गुन उत्तम. पाने झडलेली असल्यामुळे लांबवर दिसते आणि ऊन अजून सोसवते. पावसाळ्यात धबधब्यांसाठी इतकी गर्दी होते की हरणे रस्त्याच्या बाजूला फिरकत नाहीत. वैशाखात उन्हाचा त्रास होत नसेल तर बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवर मचाणावरून होणाऱ्या प्राणीगणनेसाठी वनविभागाकडे आधी नाव नोंदव. रात्रभर चांदण्यात गप्प बसण्याची तयारी असेल तरच. जाण्यापूर्वी कन्नडला पोटभर खाऊन घे, पाणी प्रत्येकी तीन लिटर तरी ठेव आणि वाटाड्या घेतलास तर त्याचे पैसे आदल्या दिवशीच ठरव. परतल्यावर वही पाठव, फोटो नंतर पाहू.

कळावे.