तक्रार केली तर सर डूख धरतील

"तक्रार केली तर सर पोरीवर डूख धरतील, आणि नाही केली तर ती शाळाच सोडेल. आम्ही करायचं काय?" पालकांकडून हा प्रश्न मला या ना त्या शब्दांत नेहमी ऐकू येतो. हे विचारणाऱ्या एका आईची हकिकत सांगते, ओळख पटेल असे तपशील बदलून.

मुलगी आठवीत. वडिलांची भाजीची गाडी. गणिताचा तास असला की सकाळी पोटात कळा. रविवारी काही नाही. सोनोग्राफीसुद्धा झाली, रिपोर्ट नॉर्मल. "नाटकं करते," असं घरात म्हणायला लागले होते. माझ्यासमोर ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत गप्प बसली. मग मी तिला कागद दिला. सांगू नकोस, सर काय म्हणतात ते फक्त लिही. तिनं लिहिलं: "वजनकाटा येतो, वर्गमूळ येत नाही?" "हिला शिष्यवृत्ती नको, कोथिंबिरीच्या जुड्या बांधायला बसवा." आणि खाली, "सगळे हसतात." या शेवटच्या ओळीखाली दोनदा रेघ मारलेली होती.

त्याच कागदावर आम्ही दोन रकाने पाडले. एकात गणिताबद्दलचं, दुसऱ्यात तिच्याबद्दलचं आणि घराबद्दलचं. वर्गमूळ आणि घातांक तिला खरंच येत नव्हते. ते तिनं मान्य केलं, त्यासाठी शेजारच्या ताईकडे जायचं ठरलं. दुसऱ्या रकान्याबद्दल मी तिला स्पष्ट सांगितलं, "यातलं काहीही तू सुधारायचं नाहीस. हे आम्ही मोठ्यांनी थांबवायचं."

"मनावर घेऊ नकोस" हे मी मुलांना कधीच सांगत नाही. ज्याला लागलंय त्याला आपण वर सांगतो की तुझं लागणंही चुकीचं. "आमच्या वेळी तर छड्या खायचो" हेही तसंच. ज्यांनी त्या छड्यांपायी शाळा सोडली, ते आज हे सांगायला आपल्यासमोर नसतात.

वर्गात उलट बोलायचं नाही, पण मान खाली घालूनही बसायचं नाही. एकच वाक्य आम्ही पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं: "सर, दुसरी पायरी कळली नाही, परत सांगाल का?" बाकावरच्या मैत्रिणीला तिनं स्वतःहून सांगितलं, तू तरी हसू नकोस. मला हे पाऊल सगळ्यात मोठं वाटलं.

वडील म्हणाले, "मी सातवी शिकलेला, मास्तरांशी काय बोलणार?" त्यांना सांगितलं की 2009च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नुसार मारण्याबरोबरच मुलाचा मानसिक छळ करायलाही बंदी आहे आणि तसं करणाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. ते ताठ बसले. मग अर्ज लिहिला: तारीख, तास, जसेच्या तसे शब्द. विशेषणं एकही नाही. मुलीला घरी ठेवून दोघं मुख्याध्यापिकांना भेटले.

"मी गमतीत बोलतो," सर म्हणाले. बाईंनी ती वाक्यं मोठ्यानं वाचली, तेव्हा मात्र सरांना हसू आलं नाही. शिष्यवृत्तीच्या निकालाचं दडपण असतं, असं ते म्हणाले. दडपण असतं, मला ठाऊक आहे. त्याची भरपाई आठवीतल्या पोरीनं का करावी?

टोमणे थांबले. पण पुढे सर तिची वही तपासेनात. डूख धरणं ते हेच, आणि आईची भीती खोटी नव्हती. आई न तपासलेली वही घेऊन पुन्हा शाळेत गेली. आधीच्या अर्जाची पोच हातात होती, त्यामुळे सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं नाही. त्या आठवड्यापासून वह्या बाई स्वतः पाहू लागल्या.

शाळेनं दाद दिली नसती, तर शाळा व्यवस्थापन समिती किंवा पालक-शिक्षक संघ आणि मग गटशिक्षणाधिकारी, असं वर जायचं ठरलं होतं. मुलांसाठीची 1098 ही हेल्पलाइनही आहे. आणि मूल "जगावंसं वाटत नाही" म्हणालं, तर अर्जबिर्ज बाजूला ठेवा. त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालू असतो.

परवा आईनं विचारलं, "नववीला तेच सर आले तर?" मी म्हटलं, अर्जाची प्रत जपून ठेवा आणि जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात वर्गशिक्षकांना भेटा. या वेळी मुलीलाही बरोबर न्या, ती यायला तयार आहे.