गरोदरपणात एचआयव्हीची चाचणी : सासूबाईंना काय सांगावे

ताई, आपण लिहिले आहे की कागल तालुक्यातील आपल्या गावी तिसऱ्या महिन्यात नाव नोंदवताना सिस्टरांनी एचआयव्हीची चाचणी करायला सांगितली, तेव्हा सासूबाई "आमच्या घरात असले काही नाही" म्हणून दुखावल्या आणि यजमानांनीही ती टाळता येईल का असे विचारले. कोल्हापूर जिल्ह्यात मी अकरा वर्षे समुपदेशक म्हणून काम केले आहे. हाच प्रश्न माझ्यासमोर बसलेल्या कितीतरी जणींनी आवाज खाली आणून विचारला आहे.

सासूबाईंना आधी हे सांगा की ही चाचणी कोणाच्या वागणुकीवर संशय घेऊन सांगितलेली नाही. हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर आणि सिफिलिस यांच्याबरोबरच ती प्रत्येक गरोदर बाईला सांगितली जाते, मग ती राजारामपुरीतील प्राध्यापिका असो की शिरोळच्या फडात ऊस तोडणारी मजूर. एचआयव्ही वर्षानुवर्षे काहीही लक्षण न दाखवता अंगात राहू शकतो, त्यामुळे चेहरा किंवा घराणे पाहून चाचणी करायची ठरवली, तर जिला औषधाची सर्वाधिक गरज आहे नेमकी तीच सुटते.

चाचणी आताच का, याचे कारण बाळाशी जोडलेले आहे. आईला लागण असेल आणि काहीच उपचार झाले नाहीत, तर गरोदरपण, बाळंतपण आणि अंगावर पाजण्याचा काळ मिळून बाळाला लागण होण्याची शक्यता 15 ते 45 टक्के असते. वेळेवर औषध सुरू झाले तर ती 5 टक्क्यांच्या खाली आणता येते. औषधाने रक्तातील विषाणू दबायला काही आठवडे लागतात, म्हणून तिसऱ्या महिन्यात कळणे आणि कळा सुरू झाल्यावर कळणे यांत फार मोठा फरक आहे. 2014 पासून आपल्याकडे लागण असलेल्या प्रत्येक गरोदर बाईला एआरटी, म्हणजे विषाणू दाबून ठेवणारी औषधे, आयुष्यभरासाठी आणि मोफत दिली जाते. केवळ एचआयव्ही आहे म्हणून सिझेरियन करावे लागत नाही.

उपकेंद्रात बोटाला सुई टोचून थेंबभर रक्त किटवर घेतात आणि अर्ध्या तासात कळते. तिथे किट रिॲक्टिव्ह आली, म्हणजे लागणीची शक्यता दिसली, तरी तो अंतिम निकाल नव्हे. आयसीटीसीत, म्हणजे सरकारी एचआयव्ही समुपदेशन व चाचणी केंद्रात, वेगवेगळ्या तीन किटवर तपासल्याशिवाय कोणालाही पॉझिटिव्ह म्हणत नाहीत.

राधानगरी भागातील एक मुलगी पहिल्या खेपेलाच पॉझिटिव्ह आली होती. निकाल ऐकल्यावर ती बराच वेळ मांडीवरच्या पिशवीचे बंद गुंडाळत आणि सोडत राहिली, आणि मग तिने एकच विचारले, "बाळाला पाजता येईल का?" येते, आईने औषध नियमित घ्यायचे आणि पहिले सहा महिने वरचे पाणीसुद्धा न देता फक्त अंगावरचे दूध द्यायचे. तिच्या बाळाला जन्मल्यापासून सहा आठवडे नेव्हिरॅपिन या एचआयव्हीविरोधी औषधाचे सिरप दिले, सहाव्या आठवड्यात टाचेतून रक्त घेतले आणि पुढेही ठरल्या वेळी तपासण्या केल्या. अठराव्या महिन्यात शेवटचा निगेटिव्ह अहवाल मी तिच्या हातात दिला, तेव्हा तो मुलगा माझ्या टेबलावरचा शिक्का ओढत होता.

आता गुप्ततेविषयी. 2017 चा एचआयव्ही कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. त्यानुसार आपल्या संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि निकाल सासूबाईंना परस्पर सांगता येत नाही. म्हणजे नकार देण्याचाही आपल्याला हक्क आहे. तरी तो वापरू नये, अशी माझी मनापासून विनंती आहे. एका रुग्णालयात मी केस पेपरच्या वरच्या कोपऱ्यात लाल शाईने निकाल लिहिलेला पाहिला आहे, आणि तो पेपर वॉर्डात सर्वांदेखत फिरत होता. त्या बाईला झालेला त्रास मला आजही सलतो. असे काही दिसले तर गप्प बसू नका. बोलायला कोणी नसेल तर 1097 हा एड्स हेल्पलाइनचा मोफत क्रमांक आहे.

यजमानांनाही सोबत न्या. आपली चाचणी निगेटिव्ह आली म्हणजे त्यांचीही निगेटिव्हच असेल असे नाही, आणि गरोदरपणात नव्याने लागण झाली तर बाळाला धोका अधिक असतो. दोघांनी एकाच दिवशी रक्त दिले की "हिच्यावरच का" हा घरातला प्रश्नही आपोआप मिटतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. नुकतीच झालेली लागण पहिल्या तपासणीत दिसत नाही, म्हणून शंकेला जागा असेल तर शेवटच्या तिमाहीत पुन्हा तपासून घ्या.

बाळंतपणाला माहेरी जाणार असाल तर माता-बाल कार्ड सोबत ठेवा. कारखान्याच्या हंगामात बीडकडून येणाऱ्या ऊसतोड बायकांची कार्डे गावीच राहतात आणि इथे कोणती तपासणी झाली हे कोणालाच सांगता येत नाही. माहेरी गेलेल्या लेकींचेही पुष्कळदा तेच होते. कार्ड हरवले किंवा चाचणी राहूनच गेली, तर प्रसूतिगृहात दाखल होताच ते स्पष्ट सांगा. कळा सुरू असतानाही चाचणी करता येते आणि गरज पडल्यास औषध तिथेच सुरू करता येते.