नामचे ते टेंगबोचे, आणि गुडघे

प्रश्न : मी ४८ वर्षांची, इंदूरला असते. एप्रिलमध्ये मैत्रिणींबरोबर एव्हरेस्ट बेस कॅम्पला जायचं चाललंय. रोज तासभर मेघदूत गार्डनमध्ये चालते पण डोंगराची सवय नाही. तिथला एक दिवस नेमका कसा असतो आणि गुडघे टिकतील का? घरचे म्हणतात ह्या वयात कशाला.
— एक वाचक, इंदूर

उत्तर : ताई, वयाचं सोडा, ४८ काहीच नाही. रोज चालता म्हणजे दमाचा पाया आहे, कच्चं आहे ते उतरणं, आणि त्याची तयारी इंदूरात बसून होते.

बेस कॅम्पच्या वाटेवरचा नामचे ते टेंगबोचे हाच दिवस घ्या. नामचे ३४४० मीटरवर, टेंगबोचे साधारण ३८६० वर, म्हणजे कागदावर चारशे मीटरचीच चढण दिसते आणि लोक निवांत होतात. पण सकाळी सात-साडेसातला निघालात की आधी जवळपास सपाट वाट, समोर आमा दब्लम, ल्होत्से आणि एव्हरेस्टचं टोक ही शिखरं, इथे फोटो काढून घ्या. मग वाट जी घसरते ती थेट नदीपर्यंत, फुंकी टेंगाला ३२५० मीटरवर, म्हणजे नामचेच्याही खाली! तिथून झुलता पूल ओलांडला की सहाशे मीटर उभी चढण, वळणावर वळण, एप्रिलात दोन्हीकडे गुरांस म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन फुललेला. पाच-सहा तास धरून चला. पुलाजवळ याक किंवा झोप्क्यो (याक आणि गाय यांच्या संकराचे ओझ्याचे बैल) आले तर कायम डोंगराच्या बाजूला उभं राहायचं, दरीच्या बाजूला कधीच नाही, हे मैत्रिणींनाही बजावून ठेवा.

चढणीवर डोको म्हणजे पाठीवरची टोपली घेतलेले भरिया, म्हणजे तिथले हमाल, बघा. थोडं चालतात, टोक्मा म्हणजे ती टी आकाराची काठी पाठीमागे ओझ्याखाली टेकवतात, उभ्याउभ्याच श्वास घेतात, परत चालतात. घाई अजिबात नाही, आणि तरी आपल्या आधी वर पोचतात. तुम्हीपण बोलता बोलता चालता येईल एवढ्याच वेगाने चाला, धाप लागून बोलणं तुटलं की वेग जास्त आहे.

आता गुडघे. उतरताना मांडीचे स्नायू ब्रेकचं काम करतात, ते कच्चे असले की सगळा भार गुडघ्यावर. म्हणून आत्तापासून रविवारी रालामंडलची टेकडी, आणि जमलं की महूकडे जानापावचा डोंगर, पाठीवर पाच-सहा किलोची सॅक घेऊन. वर जाऊन मोकळं नका होऊ, उतरण सावकाश, छोटी पावलं टाकत करा. मधल्या दिवशी बिल्डिंगचे जिने, लिफ्ट चढायला वापरली तरी चालेल पण उतरायचं पायीच. दोन काठ्या न्याच. दुखणं आधीपासून असेल तर ऑर्थोपेडिकला आत्ताच दाखवा, मार्चमध्ये नाही.

आणि बुकिंगच्या आधी प्लॅन नीट वाचा. तीन हजार मीटरच्या वर झोपायची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढू नये, नामचेला दोन रात्री आणि टेंगबोचेच्या पुढे डिंगबोचेला दोन रात्री हव्यातच, स्वस्त पॅकेजवाले नेमकं हेच कापतात. डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी डॉक्टरांना विचारूनच, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा. डोकं दुखतंय, मळमळतंय तर त्या दिवशी वर जायचं नाही. चालताना झोक जायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर रात्र असली तरी लगेच खाली उतरायचं, सकाळची वाट बघायची नाही.