बागेत फायबरचा बुरूज कशाला?

प्रश्न : आमच्या बाजारपेठेलगतची जुनी बाग नव्याने होते आहे. ‘स्थानिक वारसा’ म्हणून ठेकेदाराने फायबरचे बुरूज आणि कंपाउंडच्या जांभ्याच्या भिंतीवर थिबा राजवाड्याचं ऑइलपेंटचं चित्र सुचवलंय. हरकत घ्यावी का? घेतली तर दुसरं काय सुचवावं?
– एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : जरूर घ्या, आणि निविदा निघायच्या आत घ्या. नंतर अर्ज नुसता या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो.

जांभ्यावर ऑइलपेंट टिकत नाही. दगड सच्छिद्र, पावसाळाभर पाणी पितो. ते बाहेर पडायला लागलं की वरच्या रंगाचे पोपडे सुटतात. गणपतीत पाहुणे येतील तेव्हा राजवाड्याच्या निम्म्या खिडक्या गळालेल्या असतील. आणि जिथे घरोघरी जांभ्याचा चिरा वापरतात तिथे चिऱ्याच्या रंगाचं फायबर? त्याबद्दल मी जास्त लिहीत नाही, संपादक कापतील.

ब्रह्मदेशचा राजा थिबा 1885 साली पदच्युत झाला. त्याच्यासाठी इंग्रजांनी रत्नागिरीत बांधलेला हा वाडा 1910 च्या सुमारास उभा राहिला आणि 1916 त राजा वारला. वाड्याचं चित्र काढण्यापेक्षा त्याच्या अर्धगोल लाकडी खिडक्यांची कमान उचला. बाकांच्या पाठी त्या वळणाच्या करून घ्या, सुतार गावातच मिळेल. लोखंडी नक्षी नको, खारी हवा तिला खाते.

भिंतीसाठी मात्र माझा हट्ट कावीच्या, म्हणजे गेरूसारख्या लाल मातीच्या, नक्षीचा. तळकोकणापासून गोवा-कारवारपर्यंतच्या जुन्या देवळांत ही नक्षी दिसते. चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर काव मिसळलेल्या चुन्याचा पातळ लाल थर देतात, घोटून गुळगुळीत करतात आणि ओला आहे तोवरच टोकदार हत्याराने खरवडतात. खालचा पांढरा चुना उघडा पडतो, तीच रेघ. रंग चुन्यातच मुरलेला, त्यामुळे पोपडा सुटायचा प्रश्न नाही. पण हात भराभर चालावा लागतो. थर सुकला की कड तुटते. म्हणून एका दिवसात कोरून होईल तेवढाच पट्टा लिंपायचा. सिमेंट मिसळू देऊ नका, गवंडी ‘थोडंसंच’ म्हणेल तरीही. वर कौलांची चांगली हातभर पुढे आलेली वळचण हवी, नाहीतर झड सरळ नक्षीवर येईल.

वाटांना पेव्हर ब्लॉकऐवजी चिऱ्यांची पाखाडी, म्हणजे दगडी फरसबंद वाट, करा, चिऱ्याची वरची बाजू छिन्नीने खरखरीत ठेवून. शेवाळ धरेलच; ते घासायला वर्षाचा माणूस ठरवा आणि तो खर्च आत्ताच अंदाजपत्रकात घाला.

काम दिवाळीनंतर सुरू करायला सांगा. आधी कावीचा एक छोटा नमुना भिंतीच्या पश्चिमेकडच्या तोंडावर करून घ्या, पावसाचा मारा तिथेच जास्त. तो एक पावसाळा काढू दे, मग उरलेल्या भिंतीची ऑर्डर. मार्चअखेर निधी परत जाईल म्हणून कोणी घाई केली, तर तेवढ्यात बाक आणि पाखाडी उरकून घ्या.